काटकसरीची मोटार

मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत जो वाद सुरू होतो, तो चार-दोन दिवसांत मिटला असें सहसा घडत नाहीं. मुलांना रंग हवा असतो, तरुणांना वेग हवा असतो, वडीलधाऱ्यांना चढतां-उतरतांना वांकावें लागूं नये अशी उंच बैठक हवी असते; आणि ज्याला पैसे मोजावयाचे असतात तो सर्वांचें ऐकून घेऊन शेवटीं तीनच प्रश्न विचारतो. गाडी आडवाटेला दगा देणार नाहीं ना? एका लिटरला किती जाते? आणि घेतल्यानंतर महिन्याच्या खर्चाची ओढाताण होणार नाहीं ना? या तीन प्रश्नांना भरवसा, इंधन आणि ऐपत अशीं नांवें देतां येतील. मध्यम वर्गाच्या मोटारीचें सारें शास्त्र या तीन शब्दांत सामावलेलें आहे असें म्हटलें तरी चालेल.

हे प्रश्न ज्याला त्याला आपल्या घरचे वाटतात, आणि त्यांचीं उत्तरें आपण स्वतःच्या अकलेनें काढलीं असा प्रत्येकाचा समज असतो. इतिहास पाहूं गेलें तर निराळेंच दिसतें. मध्यम स्थितीच्या गृहस्थानें कोणती गाडी घ्यावी हें बहुतेक वेळां त्याच्या देशांतील करांनीं, तेलाच्या भावानें, रस्त्यांच्या स्थितीनें आणि नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हत्यारांनीं आधींच ठरवून ठेविलेलें असतें. घेणाऱ्याच्या वांट्याला येते ती उरल्यासुरल्यांतील निवड. ही गोष्ट ओळखून जो निवड करतो त्याचे पैसे वांचतात, आणि न ओळखतां जो करतो त्याचे जातात. म्हणून या काटकसरीच्या मोटारीची वंशावळ एकदां तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वंशाचा आरंभ हेन्री फोर्ड यांच्या 'मॉडेल टी'पासून धरावयास हरकत नाहीं. १९०८ सालीं ती बाजारांत आली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी करण्याची पद्धति सुरू झाली आणि गाडीचा सांगाडा जुळविण्यास पूर्वीं जे साडेबारा तास लागत ते घटून अवघ्या ९३ मिनिटांवर आले. जसजसें काम उरकत गेलें तसतशी किंमत उतरली. १९२५ सालीं या गाडीचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरांस मिळत असे. १९२७ सालीं ती बंद झाली तोंवर दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या.

परंतु केवळ स्वस्ताई हें तिच्या यशाचें कारण नव्हे. अमेरिकेंतील खेड्यांचे रस्ते त्या काळीं चिखलाचे आणि चाकोऱ्यांचे होते. फोर्ड यांनीं गाडी जमिनीपासून उंच ठेविली, हलकें पण चिवट पोलाद वापरलें, आणि यंत्राची रचना इतकी सोपी ठेविली कीं शेतकऱ्यानें नांगर-कुळव दुरुस्त करण्याच्या हत्यारांनीं ती दुरुस्त करावी. भरवशाची गाडी म्हणजे कधींच न बिघडणारी गाडी अशी आपली आजची कल्पना आहे. त्या वेळची कल्पना अशी कीं, जेथें बिघडली तेथेंच जी सुधारतां येते ती भरवशाची. हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण पुढें आपल्या देशांत हीच जुनी कल्पना कित्येक वर्षें राज्य करीत होती. इंधनाचा प्रश्न मात्र फोर्ड यांच्या गिऱ्हाइकांनीं फारसा विचारला नाहीं. जवळजवळ २.९ लिटरचें एंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचें काम करी, आणि तरीहि कोणी कुरकुर केली नाहीं. कारण अमेरिकेंत तेल मुबलक होतें. जें मुबलक असतें त्याची काटकसर माणसाला सुचत नाहीं.

इंग्लंडांत गोष्ट निराळी घडली, आणि ती घडविली एका करानें. १९२१ पासून तेथें मोटारीवर दर अश्वशक्तीमागें सालीना एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजीत नसत. एंजिनाच्या नळकांड्यांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून एका सूत्रानें ती काढीत. दट्ट्या किती लांब सरकतो याचा त्या सूत्रांत विचारच नव्हता. मॉडेल टी या हिशेबानें २२.५ अश्वशक्तीची ठरे आणि तिच्यावर वर्षाला २३ पौंड कर पडे. मग १९२२ सालीं हर्बर्ट ऑस्टिन यांनीं 'ऑस्टिन सेव्हन' ही छोटी गाडी काढली, तिला तोच कर ८ पौंडांच्या आंतबाहेर बसूं लागला. १९३९ पर्यंत या गाड्या सुमारें २ लक्ष ९० हजार खपल्या. करांतून वांचण्याकरितां इंग्रज कारागिरांनीं अरुंद नळकांड्यांचीं आणि लांब धांवेच्या दट्ट्यांचीं एंजिनें बनविण्याची जी संवय लावून घेतली, ती एका पिढीपर्यंत सुटली नाहीं. गाडी घेणाऱ्या इंग्रज गृहस्थाला वाटे कीं आपण आपल्या पसंतीची लहान गाडी घेतली. वस्तुतः ती पसंती खजिन्याच्या सूत्रानें त्याच्या गळीं उतरविली होती.

फ्रान्समध्यें हा विचार अधिक मुळांतून झाला. सित्रोएन कंपनीचे प्रमुख प्येर-ज्यूल बुलांजे यांनीं १९३० नंतरच्या दशकांत आपल्या कारागिरांपुढें जी अट ठेविली ती मोटारीच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन गाडीनें ताशीं ६० किलोमीटर जावें. १०० किलोमीटरांस ३ लिटरांहून अधिक पेट्रोल लागूं नये. आणि नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली नेली तरी एकहि अंडें फुटूं नये. या अटींत कोठेंहि वैभवाचा शब्द नाहीं. महायुद्धामुळें काम लांबलें, आणि १९४८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ही 'दोन अश्वांची' गाडी मांडली गेली तेव्हां वृत्तपत्रकारांनीं तिची यथेच्छ टिंगल केली. ३७५ घनसेंटिमीटरचें इवलेंसें एंजिन, कापडाचें छत, पन्हाळी पत्र्याचें नाक! टिंगल करणारे विसरले गेले. गाडी १९९० पर्यंत निघत होती आणि तिची संख्या ३८ लाखांवर गेली. काटकसरीची वस्तु बनवावयाची तर आधीं गरज नीट लिहून काढावी लागते, हा तिचा धडा. मोटार घेण्यास निघालेल्या कुटुंबानें आपल्या घरचे बटाटे किती आणि अंडीं किती हें प्रथम कागदावर मांडावें. विक्रेत्याच्या दुकानांत पाऊल टाकावयाचें तें मागाहून.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत महायुद्धापूर्वीं मोटार ही संस्थानिक, युरोपियन अंमलदार, मोठे वकील-डॉक्टर आणि पेढीवाले यांची वस्तु होती. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस जुळणीचा कारखाना उघडला आणि त्यामागून फोर्ड आली. परंतु येथें होई ती केवळ परदेशांतून आलेल्या भागांची जुळणी. मोटार येथेंच घडावी या ध्यासानें ज्यांनीं खटपट केली त्यांत सोलापुरास जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव महाराष्ट्रानें विसरतां कामा नये. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने काढण्याचें धाडस या एका पुरुषानें केलें. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली आणि मुंबईंत कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वीं १९४२ सालीं बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स निघाली होती. ती १९४८ सालीं ओख्याहून बंगालमध्यें उत्तरपाड्यास गेली. १९५३ सालीं सरकारनें असें धोरण धरलें कीं, ज्यांस येथें खरोखर गाडी घडवावयाची आहे त्यांनींच राहावें. केवळ जुळणी करणाऱ्या दोन्ही बड्या अमेरिकन कंपन्यांनीं यानंतर लौकरच आपला गाशा गुंडाळला.

यानंतर सुमारें तीस वर्षें हिंदी मध्यम वर्गापुढें निवड होती ती तिहींची. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर ही मूळची इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याची फियाट ही मूळची इटालियन ११००, जी पुढें १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें निघूं लागली. आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची इंग्रजी ट्रायम्फ. ॲम्बॅसडरला दीड लिटरचें एंजिन आणि अकराशें किलोंच्या वर वजन. फियाटला १,०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन आणि वजन सुमारें नऊशें किलो. पेट्रोलचा विचार करणारा गृहस्थ फियाटकडे वळे, कुटुंबकबिला मोठा असणारा ॲम्बॅसडरकडे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं फियाट पत्करली, कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनीं ॲम्बॅसडर. आणि टॅक्सीवाला ज्या गाडीवर पोट भरतो तिच्यावर शहरानें विश्वास टाकावा यांत नवल नाहीं.

पण यास निवड म्हणावें काय, असा प्रश्न आहे. १९५९ सालीं मोटारींच्या वांटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण बसलें. अनामत भरून नंबर लावावा आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, ही रीत झाली. किंमती सरकार ठरवी. रास्त किंमत कोणती हा वाद १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोंचला होता. ठरलेल्या किंमतीला नवी गाडी मिळत नसल्यामुळें वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाण्याचा चमत्कार या देशानें पाहिला. अशा बाजारांत कारखानदाराला सुधारणा करण्याचें कारण उरलें नाहीं. गाडीचें रूप बदलेना, एंजिन बदलेना, आणि गिऱ्हाईक पळून जाण्याची भीति तर मुळींच नाहीं.

तरीहि या काळाची एक बाजू आम्हांस न्यायानें सांगितली पाहिजे. गाड्या दोन-तीन जातींच्याच असल्यामुळें त्यांच्या खोडी सर्वांना पाठ झाल्या. तालुक्याच्या गांवीं देखील फियाटचा क्लच उतरविणारा मिस्त्री सांपडे, सुटे भाग मिळत, न मिळाले तर लेथवर कातून घेतां येत. घाटांत पाणी उकळलें तर काय करावें, पावसांत गाडी सुरू होईना तर कोणता भाग पुसावा, हें चालविणाऱ्याला ठाऊक असे. मॉडेल टीच्या वेळचा भरवसा तो हाच. गाडी बिघडे पुष्कळ, परंतु ती माणसाला वाऱ्यावर सोडीत नसे. आजच्या गाड्या क्वचित बिघडतात. पण बिघडल्या म्हणजे कंपनीच्या संगणकावांचून पान हालत नाहीं. दोहोंपैकीं बरें कोणतें हें घेणाऱ्याच्या गांवावर अवलंबून आहे. जेथून अधिकृत दुरुस्तीघर दीडशें किलोमीटरांवर आहे, तेथें कागदावर उत्तम असलेली परदेशी गाडी व्यवहारांत बेभरंवशाची ठरूं शकते.

लहान, स्वस्त आणि देशी गाडी असावी हा विचार त्या काळींहि कित्येकांच्या मनांत घोळत होता. त्यांत आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. त्यांनीं १९४९ सालीं दोन माणसांची छोटी मोटार तयार केली आणि पुढें पाव शतकापर्यंत तिच्यांत सुधारणा करीत निरनिराळे नमुने बनविले. 'मीरा' या नांवानें ती ओळखली जाई आणि तिचें एंजिन मागच्या बाजूस होतें. ती कारखान्यांतून कधीं निघाली नाहीं. नमुना घडविणें आणि माल घडविणें यांत केवढें अंतर असतें याची कल्पना वर दिलेल्या फोर्ड यांच्या हकीकतीवरून येईल. आणि येथें तर भांडवलाच्या जोडीला सरकारी परवान्याचा डोंगरहि ओलांडावयाचा होता. तथापि सित्रोएनच्या कारागिरांपुढें जो प्रश्न होता तोच प्रश्न दक्षिण महाराष्ट्रांतील एका गृहस्थानें आपल्या बळावर सोडवावयास घेतला होता, ही गोष्ट लहान नव्हे.

इतक्यांत जगाला तेलाचा पहिला मोठा धक्का बसला. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली आणि थोड्याच महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागें सुमारें ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरांत गेला. ज्या अमेरिकेंत इंधनाचा प्रश्न कोणी विचारीत नसे, तेथें १९७५ सालीं गाड्यांच्या इंधनखपतीवर बंधन घालणारा कायदा करावा लागला, आणि जपानच्या लहान गाड्यांना तेथील दरवाजा उघडला. आपल्या देशांत पेट्रोल भडकलें आणि गाडी असलेल्या कुटुंबांनीं ती रविवारपुरती बाहेर काढावी अशी स्थिति आली. लहान गाडी ही आतां केवळ गरिबीची तडजोड राहिली नाहीं. ती शहाणपणाची खूण झाली.

या शहाणपणाला आकार देणारें यंत्र आधींच तयार होतें. १९५६ सालच्या सुएझच्या संकटांत इंग्लंडला पेट्रोलची टंचाई भासली, आणि तिच्या पोटीं ॲलेक इसिगोनिस यांनीं १९५९ सालीं 'मिनी' ही गाडी काढली. त्यांनीं एंजिन आडवें बसविलें आणि पुढच्याच चाकांना गति दिली. त्यामुळें मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाहींसा झाला, वजन घटलें आणि लहानशा गाडींत चार माणसांना बसावयास जागा झाली. आज लहान गाड्यांपैकीं बहुतेक सर्व या रचनेच्या आहेत. १९८३ च्या १४ डिसेंबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें ज्या गाडीची पहिली किल्ली देण्यांत आली ती मारुति ८०० याच कुळांतील होती.

मारुतीची पूर्वकथा वादग्रस्त आहे, आणि येथें तिचा विस्तार करण्याचें प्रयोजन नाहीं. संजय गांधी यांच्या मूळ कंपनीकडून गाडी झाली नाहीं. १९८० सालीं सरकारनें ती ताब्यांत घेतली, १९८१ सालीं मारुति उद्योग ही नवी कंपनी स्थापिली आणि १९८२ सालीं जपानच्या सुझुकीशीं करार केला. ७९६ घनसेंटिमीटरचें तीन नळकांड्यांचें एंजिन आणि साडेसहाशें किलोंच्या आंतबाहेर वजन. ॲम्बॅसडरच्या मानानें एंजिन निम्मे आणि वजनहि निम्म्याच्या जवळ; मग पेट्रोल कमी लागावें यांत जादू कसली? किंमत सुमारें ५० हजार रुपये. दहा हजारांची अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. जुने जाणते लोक तिला काड्यापेटी म्हणून हिणवीत; परंतु काड्यापेटी पहांटे थंडींत पहिल्या किल्लीला सुरू होई, आणि जुन्या गाडीला मुलें धक्का मारीत असत. घाटांत रेडिएटरवर पाणी ओतण्याचा प्रसंग संपला. नव्या भरवशाची ओळख हिंदी कुटुंबांस येथें झाली, आणि एकदां झाल्यावर जुन्या भरवशाकडे कोणी मागें वळून पाहिलें नाहीं. ही गाडी २०१४ च्या जानेवारींत बंद झाली. त्याच वर्षीं मे महिन्यांत उत्तरपाड्याचा कारखानाहि थांबला.

यापुढें निवड खरोखरच निर्माण झाली, आणि निवडीबरोबर हिशेब करण्याची जबाबदारीहि आली. येथें एक सर्वसाधारण भ्रम दूर करण्यासारखा आहे. 'गाडी किती देते?' असें आपण विचारतों आणि आंकडा जितका मोठा तितकी बचत मोठी असें समजतों. समजा, एका कुटुंबाची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धांवते. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी १,२०० लिटर पिईल. १५ देणारी ८००. २० देणारी ६००. आणि २५ देणारी ४८०. दर वेळीं आंकडा पांचांनींच वाढला. परंतु बचत पहिल्या पायरीला ४०० लिटर, दुसरीला २००, आणि तिसरीला अवघी १२० लिटर झाली. म्हणजे अतिशय पिणारी गाडी टाळण्यांत जो लाभ आहे तो उत्तम गाडीहून अत्युत्तम गाडी शोधण्यांत नाहीं. बुलांजे यांनीं लिटरला किती किलोमीटर असें न विचारतां १०० किलोमीटरांस किती लिटर असें विचारलें, त्यांत ही खुबी होती. खर्च लिटरांचा होतो, किलोमीटरांचा नव्हे.

आतां यास किंमतीची जोड द्यावी. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरलें, तर १५ देणाऱ्या गाडीऐवजीं २० देणारी घेतल्यानें वरील कुटुंबाचे वर्षाला २०,००० रुपये वांचतील. त्या गाडीला जर एक लाख रुपये अधिक पडत असतील, तर ते भरून येण्यास पांच वर्षें लागतील. आणि धांव निम्मी असेल तर दहा. हाच हिशेब न केल्यामुळें एके काळीं पुष्कळांनीं डिझेलची चूक केली. १९९८ च्या डिसेंबरांत पुण्याहून टाटांची इंडिका आली आणि लहान गाडींतहि डिझेल मिळूं लागलें. डिझेल सरकारी धोरणामुळें पेट्रोलहून बरेंच स्वस्त होतें. म्हणून महिन्याला चार-पांचशें किलोमीटर धांवणाऱ्या कुटुंबांनींहि अधिक पैसे मोजून डिझेलच्या गाड्या घेतल्या. २०१० सालीं पेट्रोलचें आणि २०१४ सालीं डिझेलचें नियंत्रण उठलें, दोन्ही भावांतील अंतर घटलें, आणि २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाल्यावर लहान डिझेल गाड्याच बहुतेक नाहींशा झाल्या. टॅक्सीवाल्याला जें परवडतें तें सर्वांना परवडतें असें नाहीं.

करांचा हातहि आपल्याकडे इंग्लंडसारखाच दिसतो. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत चार मीटरहून आंखूड आणि ठराविक मर्यादेच्या आंतील एंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनकर शेंकडा २४ वरून १६ वर आणला गेला. लगोलग लांब गाड्यांचीं शेपटें कापलीं जाऊं लागलीं. मागें सामानाची पेटी असलेल्या गाड्या देखील कशाबशा चार मीटरांत बसविण्यांत आल्या. २०१७ सालीं करांची सारी पद्धति बदलली, तरी ही चार मीटरांची रेषा तशीच राहिली. आजचा गृहस्थ ज्या आटोपशीर रूपावर खूष होतो, त्यांत शिल्पकाराइतकाच कर-अधिकाऱ्याचाहि वांटा आहे.

या इतिहासांतील सर्वांत करुण प्रकरण म्हणजे नॅनो. दुचाकीवर नवरा, बायको आणि मुलें दाटीवाटीनें बसून पावसांत चाललेलीं पाहून रतन टाटा यांच्या मनांत ही गाडी आली, असें त्यांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. जानेवारी २००८ मध्यें ती दिल्लीच्या प्रदर्शनांत दाखविली गेली. किंमत एक लाख रुपये, एंजिन ६२४ घनसेंटिमीटरचें. सिंगूरच्या जमिनीच्या आंदोलनामुळें कारखाना गुजरातेंत साणंदास हलवावा लागला. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ती कौतुकास्पद कृति होती. तरीहि ती चालली नाहीं, आणि दहा वर्षांत थांबली. कांहीं गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनीं भरवसा डळमळला हें एक कारण. पण त्याहून मोठें कारण असें कीं, तिची जाहिरात 'जगांतील सर्वांत स्वस्त' अशी झाली. आयुष्यभर पै-पैसा सांठवून जो पहिली मोटार घेतो, त्याला ती स्वस्त म्हणून दारांत उभी करावयाची नसते. काटकसर आणि गरिबी या दोन शब्दांत जें अंतर आहे तें सुशिक्षित मध्यम वर्ग प्राणापलीकडे जपतो. आणि त्यांत नुसता पोकळ अभिमान आहे असें आम्ही मानीत नाहीं. काटकसर ही निवडलेली असते, गरिबी लादलेली असते.

मात्र याच काटकसरीनें एका बाबतींत आपले डोळे बराच काळ झांकून ठेविले होते. भरवसा, इंधन आणि ऐपत या तीन प्रश्नांत चवथा प्रश्न आपण घातलाच नाहीं. तो म्हणजे, गाडी आदळली तर आंतील माणसें वांचतील काय? २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें हिंदुस्थानांत खपणाऱ्या पांच लहान गाड्यांचे सर्वांत साधे नमुने ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आदळून पाहिले. मोठ्या माणसांच्या संरक्षणांत पांचांपैकीं एकीलाहि एक तारा मिळाला नाहीं. ज्या गाड्या आपण शहाणपणाची परमावधि म्हणून घरीं आणल्या, त्या मुलाबाळांच्या जिवाच्या बाबतींत शून्य ठरल्या. वजन घटविल्यानें पेट्रोल वांचतें हें खरें. पण तें कोठून घटविलें हें विचारण्याची तसदी आपण घेतली नव्हती. पुढें नियम कडक झाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची अशी परीक्षा सुरू झाली. आतां ताऱ्यांची संख्या पाहिल्यावांचून गाडी घेणें म्हणजे जाणूनबुजून अंधारांत उडी घेणें होय. लिटरामागें दोन किलोमीटर कमी मिळाले तर घराचें दिवाळें निघत नाहीं.

त्याच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचा निरोप घेण्यांत आला. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ सालीं नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी झाली. अनेकांचे डोळे ओलावले, आणि तें स्वाभाविक होतें. परंतु त्या गाडीवरील प्रेमाचें विश्लेषण केलें तर त्यांत यंत्राचा वांटा थोडा आणि तिला सांभाळणाऱ्या माणसांचा मोठा असा आढळेल. ज्या काळांत गाडीची निवड आपल्या हातीं नव्हती, त्या काळांत तिची निगा मात्र आपल्या हातीं होती, आणि तीच तिचें आयुष्य वाढवीत असे. आज निवड हातीं आली आहे. विजेच्या गाड्या आल्या आहेत, आणि लिटरांच्या जागीं उद्यां सर्वत्र युनिटांचा हिशेब होईल. हिशेबाचीं परिमाणें बदलतील, हिशेब चुकणार नाहीं.

म्हणून मोटार घेऊं पाहणाऱ्या कुटुंबास या शंभर वर्षांच्या इतिहासाचें सांगणें थोडक्यांत असें आहे. प्रथम आपली गरज लिहून काढावी. महिन्याची खरी धांव मोजावी, मनांतली नव्हे. दुकानांतील किंमतीबरोबर विमा, दुरुस्ती, इंधन आणि विकतांना येणारी किंमत हीं सर्व दहा वर्षांच्या तक्त्यांत मांडावीं. आपल्या गांवीं जी गाडी दुरुस्त होते तिला झुकतें माप द्यावें. आणि जिवाच्या रक्षणाचा प्रश्न सर्वांत आधीं विचारावा, कारण बाकी सारे हिशेब घरीं परत आलेल्या माणसांनींच करावयाचे असतात.